आधी मोजायचं, मग औषध

सिंदेवाहीहून आम्ही बोलतो आहोत. आजचा विषय औषधाच्या गोळीचा आहे. पण गोळी कधी घ्यावी, कशी घ्यावी एवढंच सांगून आम्ही थांबणार नाही. ही गोळी आपल्या जंगलपट्टीत आली कशी, तिनं काय केलं आणि आता तिचा असर का कमी होतो आहे, हा इतिहास सांगायचा आहे. सरकारनं त्याबद्दल वेळोवेळी काय सांगितलं, तेही त्यात येईल.

सुरुवात आमच्याच एका वहीपासून करतो. तेंदूपत्त्याचा हंगाम संपला की गटाचे हिशेब तपासायला जरा सवड मिळते. तशा सवडीत आम्ही समन्वयक बाया जुन्या कर्जवह्या घेऊन बसलो होतो. कर्जवहीत एक रकाना असतो, 'कर्जाचे कारण'. त्यात रोवणीची मजुरी, खत, शेळी, पोरीची फी, लग्न असं सगळं सापडतं. आणि पानापानावर एक शब्द हमखास येतो, 'दवाखाना'. जुन्या पानांवर या शब्दापुढे तीनशे, पाचशे असे आकडे होते. नव्या पानांवर वीस हजार, पस्तीस हजार. महागाई वाढली हे खरंच, पण सगळं महागाईवर ढकलता येणार नाही, हे एका नोंदीनं आम्हाला शिकवलं.

ती नोंद आमच्या एका सदस्य ताईची. तिच्या परवानगीनं सांगतो, नाव मात्र घेत नाही. तिला लघवीला जळजळ व्हायची. रोवणीचे दिवस, दिवसभर बांधीत चिखलात उभं राहायचं, पाणी कमी प्यायचं. पुरुष डॉक्टरला हे दुखणं सांगायची लाज. म्हणून नवऱ्याला मेडिकलमध्ये पाठवलं. तिकडून चार गोळ्या आल्या. दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या दोन गोळ्या डब्यात ठेवल्या. महिनाभरानं पुन्हा जळजळ, पुन्हा त्याच दोन गोळ्या. मग आणखी चार. असं तीनदा झालं. चौथ्यांदा थंडी वाजून ताप आला, पाठीत कळा आल्या आणि तिला थेट चंद्रपूरला न्यावं लागलं. तिथं लघवीची तपासणी झाली. त्या कागदावर औषधांची नावं होती आणि प्रत्येकापुढे इंग्रजी 'एस' किंवा 'आर' हे अक्षर. एस म्हणजे हे औषध लागू पडेल, आर म्हणजे पडणार नाही. तिच्या कागदावर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. एस फक्त दोन-तीन ठिकाणी, आणि ती औषधं सुईनं, दवाखान्यात भरती होऊन घ्यायची. ती बरी झाली. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

गटाच्या बैठकीत तिनं विचारलं, "मी त गोळ्या खातच होती, मंग असर कुठं गेला?"

याचं उत्तर आपल्याला धानावरच्या तुडतुड्यावरून समजेल. एखादं औषध पहिल्या वर्षी फवारलं की बांधी साफ. पुढे तेच औषध कमी मात्रेत, अर्धवट, वारंवार मारत राहिलो तर जे तुडतुडे त्यातून वाचतात, त्यांचीच पैदास वाढते. मग ते औषध पाण्यासारखं होतं. रोगजंतूंचंही तसंच. औषध कमी पडलं की सगळ्यात चिवट जंतू मागे उरतात आणि पुढची पिढी त्यांची होते. चिवट होतो तो जंतू, आपलं शरीर नव्हे. म्हणून तो जंतू दुसऱ्याच्या अंगात गेला की तिथंही औषध चालत नाही, मग त्या माणसानं आयुष्यात एकही गोळी खाल्लेली नसली तरी.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लंडनमध्ये पेनिसिलीन शोधलं. १९४५ साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला आणि त्या वेळच्या भाषणातच त्यांनी धोका सांगून ठेवला. त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलीन विकत आणतो आणि अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. मग ते जंतू त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन देतात, पण ते चालत नाही आणि ती मरते. या मरणाला जबाबदार कोण, असं त्यांनी सभेला विचारलं. औषध बाजारात नीट पोचायच्या आधीच हे सांगून झालं होतं. आणि गोष्टीत चूक नवऱ्याची, मरण बायकोचं, हे आम्हाला वाचताना टोचलं.

आपल्या देशात हे औषध बनवायचा पहिला सरकारी कारखाना महाराष्ट्रातच उभा राहिला. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. स्वातंत्र्य मिळून सातच वर्षं झाली होती. परदेशातून महाग औषध आणण्यापेक्षा आपलं आपण बनवावं आणि गरिबापर्यंत पोचवावं, हा त्यामागचा विचार. तेव्हा प्रश्न औषध मिळण्याचा होता, जास्त खाण्याचा नव्हता.

आपल्याकडे तर तो प्रश्न पुढे कितीतरी वर्षं तसाच राहिला. पिंपरीहून निघालेलं औषध जंगलातल्या टोल्यापर्यंत येईना. १९८२ पर्यंत गडचिरोली आणि आपण एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होतो. त्या वर्षी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पण नदीच्या अल्याड-पल्याड हाल सारखेच. आपल्या सासवांना विचारा. पावसाळ्यात, हिवाळ्यात लेकराला खोकला व्हायचा, छाती भरायची, पोट उडायचं. कुणी म्हणायचं डबा झाला. दवाखाना लांब, नाल्याला पूर, आणि लेकरू दोन-तीन दिवसांत जायचं. किती बायांच्या पोटचं एखादं तरी लेकरू असं गेलं आहे, हे गटात बसून विचारलं की कळतं. आम्ही विचारलं आहे. पुन्हा विचारायची हिंमत होत नाही.

या ठिकाणी आपल्या भागातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण जगभरच्या वैद्यकीय मासिकांत छापून आलेली ही गोष्ट आपल्याच बायांनी घडवली आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले आणि 'सर्च' ही संस्था उभी केली. लहान लेकरांच्या मरणात न्यूमोनियाचा वाटा मोठा होता. त्यावरचं औषध साधं होतं, कोट्रायमॉक्साझोल नावाचं, तोंडानं घ्यायचं. प्रश्न दोन होते. हे औषध गावात देणार कोण? आणि कुठल्या लेकराला द्यायचं हे ठरवणार कसं? खोकला तर दहा लेकरांना होतो. त्यातल्या नऊ जणांना औषधाची गरजच नसते, साधी सर्दी आपोआप उतरते.

ठरवायची युक्ती होती श्वास मोजण्याची. फुप्फुसात न्यूमोनिया झाला की लेकरू भराभर श्वास घेतं. एक पूर्ण मिनिट, लेकरू शांत असताना, छाती-पोट वर-खाली होताना मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त, तर तो श्वास भराभर समजायचा. हे आकडे आजही आशाताई वापरतात. तुम्हीही लिहून ठेवा.

१९८८ पासून गडचिरोलीच्या काही गावांत आरोग्यसेवक आणि सुईणी यांना हे शिकवलं. मोजायचं, भराभर असेल तरच औषध द्यायचं, दिलं तर पूर्ण द्यायचं. १९९० साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या साप्ताहिकात त्याचा निकाल छापून आला. न्यूमोनिया झालेल्या ६१२ लेकरांवर असा उपचार झाला होता आणि त्यांत दगावण्याचं प्रमाण ०.८ टक्के होतं. ज्या गावांत हे काम नव्हतं, तिथं ते १३.५ टक्के होतं. म्हणजे शंभरात तेरा-चौदा जात होती, तिथं एखादं.

पुढे अक्षर-अंक न येणाऱ्या बायांसाठी त्यांनी एक साधन तयार केलं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचं. नाही पोचलं तर नाही. शंभरपर्यंत मोजता न येणारी सुईण त्या मण्यांवरून औषध देण्या न देण्याचा निर्णय करू लागली.

यानंतरचं काम नवजात बाळांचं. १९९५ पासून ३९ गावांत निवडलेल्या बायांना, ज्यांना तिथं आरोग्यदूत म्हणतात, बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासायला शिकवलं. बाळाच्या रक्तात जंतू पसरले, म्हणजे सेप्सिस झाला, तर जेंटामायसिनची सुई आणि सोबत तोंडानं औषध द्यायचं. गावातल्या बाईच्या हाती नवजात बाळासाठी सुई! पण त्या बाया लक्षणं ठरलेल्या यादीप्रमाणे तपासत, प्रत्येक गोष्ट वहीत लिहीत आणि मगच सुई देत. १९९९ साली निकाल छापला. सेप्सिस झालेल्या बाळांत दगावण्याचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं होतं. यातूनच पुढे बाळाच्या घरी जाऊन भेट देण्याची पद्धत देशानं घेतली. २०११ पासून आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात, त्याचं मूळ आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे.

आता यातली वाईट बातमी. ज्या कोट्रायमॉक्साझोलनं ही लेकरं वाचवली, ते आता न्यूमोनियासाठी पहिल्या पसंतीचं औषध राहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ च्या मार्गदर्शनात अमॉक्सिसिलिनला पसंती दिली. जुन्या औषधाचा असर कमी होत चालला होता, हे त्यामागचं एक कारण. २०१९ साली केंद्र सरकारनं 'सांस' नावाची मोहीम सुरू केली, त्यात दवाखान्यात पाठवण्याआधी आशाताईंनी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस द्यावा असं ठरलं. म्हणजे पंचवीस-तीस वर्षांत एक पायरी वर चढावी लागली. अशा पायऱ्या काही अगणित नाहीत.

हिवतापातही आपण हे पाहिलं आहे. हिवतापाचा जंतू वेगळा, त्याची औषधं अँटिबायोटिकमध्ये मोडत नाहीत, पण चाल तीच. एके काळी ताप आला की क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या वाटत. आपल्या देशात फॅल्सिपॅरम हिवताप क्लोरोक्विनला दाद देत नाही, असं पहिल्यांदा १९७३ साली आसाममध्ये आढळलं. पुढे २०१० साली देशभर या हिवतापासाठी औषध बदलावं लागलं. आता बोट टोचून तपासतात, पट्टीवर रेघ पाहतात आणि मग गोळी देतात. तिथंही तेच, आधी तपासणं.

इथून गोष्ट दिल्लीकडे वळते. २०१० साली एका नव्या जंतुगुणाची बातमी जगभर झाली. जवळजवळ शेवटच्या फळीतली अँटिबायोटिकं निकामी करणारा हा गुण, आणि त्याच्या नावात नवी दिल्लीचं नाव. आपल्या देशात त्या नावावरूनच जास्त आरडाओरडा झाला. पण सरकारनं समितीही नेमली आणि २०११ साली या प्रश्नावरचं पहिलं राष्ट्रीय धोरण काढलं. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी असे क्षयरोगी नोंदवले, ज्यांच्यावर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. पुन्हा शब्दांवर वाद झाला, 'पूर्णपणे दाद न देणारा' असं म्हणावं की नाही यावर. मात्र त्याच वर्षी मे महिन्यात क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक झालं.

२०११ च्या त्या धोरणातून एक कडक नियम येणार होता. बरीच अँटिबायोटिकं एका नव्या यादीत घालायची आणि त्यांच्या विक्रीवर बंधनं आणायची. त्यावर विरोध झाला. दुकानदारांचा होताच, पण आणखी एक मुद्दा निघाला, की खेड्यात डॉक्टरच नाही, तिथं चिठ्ठी कोण लिहिणार? चिठ्ठीशिवाय औषध बंद केलं तर खेड्यातली माणसं औषधावाचून मरतील. आम्हाला या मुद्द्याची गंमत वाटते. खेड्यात डॉक्टर नाही, तर डॉक्टर पाठवा, असं कुणी जोरात म्हणालं नाही. नियम सैल करा, एवढंच म्हणाले. पण मुद्दा खोटा होता असंही म्हणता येत नाही. आमच्या भागात वेळेवर औषध न मिळून लेकरू जाणं अजून संपलेलं नाही. एकीकडे औषध मिळत नाही आणि दुसरीकडे तेच औषध चॉकलेटसारखं मिळतं, या दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात घडतात. सरकारी सल्ला लिहिणाऱ्याची अडचण इथंच आहे.

शेवटी यादी लहान झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये 'शेड्यूल एच-वन' जाहीर झालं आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यात ४६ औषधं. सेफिक्झिमसारखी जोरदार अँटिबायोटिकं आणि क्षयाची औषधं त्यात आहेत. ही विकताना दुकानदारानं वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवायची. बाकीची अँटिबायोटिकं, जसं अमॉक्सिसिलिन, त्यांनाही चिठ्ठी लागतेच, पण वहीची सक्ती नाही. आपण गटवाल्या बायांना वही म्हणजे काय ते कळतं. वही असूनही ती कुणी तपासली नाही तर काय होतं, तेही कळतं.

मग २०१६ साली लाल रेघ आली. म्हणजे रेघेचा वापर आधीपासून होता, पण तिचा अर्थ लोकांना सांगायची मोहीम केंद्राच्या आरोग्य खात्यानं त्या वर्षी सुरू केली. गोळ्यांच्या पाकिटाच्या कडेला उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरच्या 'मन की बात'मध्येही अँटिबायोटिक मनानं घेऊ नका आणि लाल रेघ ओळखा, असं सांगितलं. आम्हाला ही कल्पना आवडली. इंग्रजी नाव वाचता आलं नाही तरी रेघ दिसते. सुईणीच्या लाल मण्यासारखीच युक्ती. एक फरक मात्र मोठा. लाल मणी ज्या बाईच्या हातात होता, तिला औषध देण्याचं शिक्षणही दिलं होतं आणि पाठीशी डॉक्टर होते. लाल रेघ नुसती 'घेऊ नको' म्हणते, मग काय करू ते सांगत नाही.

लाल रेघेची परीक्षा आम्ही एका गटात घेतली. बायांना सांगितलं, घरात उरलेल्या गोळ्या घेऊन या. चटईवर त्या पसरल्या तर ढीग झाला. तापाच्या, दुखण्याच्या, पित्ताच्या आणि मध्ये मध्ये अँटिबायोटिकं. पण बहुतेक गोळ्या कात्रीनं कापलेल्या तुकड्यांत. दोन गोळ्यांचा तुकडा, तीन गोळ्यांचा तुकडा. मेडिकलवाल्यानं दहाच्या पाकिटातून कापून दिलेल्या. कडेची रेघ ज्या बाजूला, ती बाजू दुकानातच राहिलेली. नावही अर्धं. एका तुकड्यावर तर फक्त भाव उरला होता. दिल्लीहून निघालेली रेघ आमच्या बाजारात कात्रीनं कापली गेली होती.

दुकानदाराला एकट्याला दोष देऊन मोकळं होता येत नाही. दोन गोळ्या बाई का मागते? खिशात तेवढेच पैसे असतात. रोवणीत एक दिवस दवाखान्यात गेला तर मजुरी बुडते, शिवाय बसभाडं. सरकारी दवाखान्यात गेलं आणि डॉक्टर बैठकीला गेलेले असले तर दुसरा दिवसही बुडतो. आमची ती ताई मूर्ख नव्हती. तिनं हिशेब केला होता, फक्त त्या हिशेबात जंतू धरले नव्हते.

पुढची पावलं भराभर सांगतो. एप्रिल २०१७ मध्ये देशाचा पहिला कृती आराखडा आला. त्यात नुसतं माणसांचं आरोग्य नाही, तर जनावरं, शेती, पाणी ही सगळी खाती एकत्र घेतली. राज्यांनीही आपापले आराखडे करायचे होते. केरळनं २०१८ मध्ये सगळ्यांत आधी केला, मग मध्य प्रदेश आणि दिल्लीनं. २०१९ च्या जुलैमध्ये कोलिस्टिन या औषधावर कोंबड्या, जनावरं, मासे यांच्यासाठी बंदी आली. हे औषध माणसाला अगदी शेवटी, बाकी काही चालत नसताना देतात, आणि कोंबड्यांच्या खाद्यात ते वजन वाढावं म्हणून घालत होते. आपल्यापैकी ज्या गटांनी कुक्कुटपालन घेतलं आहे त्यांनी खाद्याच्या पोत्यावर आणि पाण्यात घालायच्या पुडीवर काय लिहिलं आहे ते पशुवैद्यकाला दाखवून घ्यावं. पिल्लं निरोगी असताना 'टॉनिक' म्हणून काही देत असतील तर जास्तच विचारावं.

२०२२ च्या नोव्हेंबरात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं डॉक्टरांसाठी सूचना काढल्या. बारीक तापाला, विषाणूमुळे झालेल्या खोकल्याला अँटिबायोटिक देऊ नका, आणि द्यायचंच तर किती दिवस ते ठरवून द्या. २०२५ च्या नोव्हेंबरात दुसरा आराखडा आला, २०२९ पर्यंतचा.

या सगळ्यांत आम्हाला महत्त्वाचं वाटलं ते जानेवारी २०२४ मधलं एक पत्र. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी ते डॉक्टरांच्या संघटनांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना लिहिलं. अँटिबायोटिक लिहून देताना त्याचं नेमकं कारण चिठ्ठीवर लिहा, असं त्यात कळकळीनं सांगितलं आहे. औषध दुकानदारांनाही लिहिलं, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नका. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ साली जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाजही त्या पत्रात दिला होता.

आम्ही त्या पत्राची बातमी बैठकीत वाचून दाखवली. एक आजी म्हणाली, "कारण लिवा म्हणून डाक्टरले पत्र लिवावं लागते का?" सगळ्या हसल्या. पण तिचं बरोबर होतं. आपला गट दोन हजारांचं कर्ज देतो तर कारणाचा रकाना भरल्याशिवाय देत नाही. गडचिरोलीची सुईण श्वास मोजल्याशिवाय औषध देत नव्हती. जे काम १९८८ साली कमी शिकलेल्या बाया करत होत्या, ते शिकलेल्या डॉक्टरांनी करावं म्हणून २०२४ साली पत्र लिहावं लागलं. आणि पत्र कुणाला लिहिलं? डॉक्टर आणि दुकानदारांना. गोळी ज्या घरात जाते, डब्यात उरते, शेजारणीला दिली जाते, त्या घरातल्या बाईला पत्र नाही. म्हणून हे बोलणं आम्ही रेडिओवर करतो आहोत.

त्या बैठकीनंतर आमच्या काही गटांनी आपलं आपण ठरवलं. डॉक्टरनं औषध लिहिलं की विचारायचं, "यात अँटिबायोटिक आहे का? कशासाठी? किती दिवस?" आणि डॉक्टर सांगेल तितके दिवस पूर्ण घ्यायचं. उरलेली गोळी शेजारणीला द्यायची नाही. सर्दी-पडशाला डॉक्टर अँटिबायोटिक देत नसेल तर डॉक्टर कच्चा आहे असं म्हणायचं नाही, सुई मागायची नाही. मेडिकलमध्ये तुकडा घ्यावाच लागला तर नाव आणि रेघ असलेल्या बाजूचा मागायचा. आणि लघवीच्या, अंगावरून जाण्याच्या दुखण्यासाठी नर्सबाईंकडे दोघी-तिघींनी मिळून जायचं, म्हणजे लाज वाटून वेळ जात नाही. ज्या गटांत दवाखान्याच्या पहिल्या खेपेसाठी बिनव्याजी दोनशे रुपये लगेच देतात, तिथं बाया लवकर जातात, असं आम्हाला दिसतं आहे. सगळ्या गटांना ते परवडत नाही, त्यावर महिन्याच्या बैठकीत अजून भांडण चालू आहे.

मागच्या आठवड्यात एका गावात कर्जवहीवर सह्या घ्यायला गेलो होतो. शेजारच्या घरी सव्वा वर्षाचं लेकरू खोकत होतं. आजी म्हणत होती, सिंदेवाहीला नेऊन सुई द्या. आशाताई आली. लेकराला आईच्या मांडीवर निजवलं, अंगावरचा झबला वर केला, मोबाइलवर मिनिट लावलं आणि मोजत बसली. अंगणात सगळे गप्प. अडतीस भरले. छाती आत ओढली जात नव्हती, लेकरू अंगावर पीत होतं. आशाताई म्हणाली, आज अँटिबायोटिक नाही, ऊब ठेवा, पाजत राहा, श्वास भराभर वाटला, पिणं सोडलं, छाती आत ओढली किंवा झटका आला तर रात्र असली तरी मला उठवा, मी उद्या येते. आजी रागानं उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी आशाताईचा फोन आला. पुन्हा मोजलं होतं. चौतीस.